तरुण संघाने ऑनलाइन सुरुवात कुठून करावी?

सलाम. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बडोद्यातल्या तुमच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघात पस्तीसेक तरुण आहेत. घरी मराठी, बाहेर गुजराती, मोबाइलवर हिंदी आणि इंग्रजी. पाळकसाहेबांनी 'ऑनलाइनचं तुम्ही बघा' म्हणून जबाबदारी दिली, कमिटीने पंधरा हजार रुपये मंजूर केले, आणि सहा महिन्यांत तुम्ही वेबसाइट, यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक असं सगळं उघडून बसलात. आता प्रत्येक व्हिडिओला चाळीसच्या आसपास व्ह्यूज येतात, त्यातले निम्मे घरचेच. नवीन कॅमेरा घ्यावा की जाहिरातीला पैसे लावावेत, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको, निदान या वर्षी. का नको ते नीट सांगते.

मी रावपुऱ्यात छपाई आणि डिझाइनचं काम करते. दुकानांची आणि क्लासेसची सोशल मीडियाची पानं सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय, आणि २०१२ पासून आमच्या मंडळीच्या तरुण संघाचंही तेच काम माझ्याकडे आहे. दुकानाच्या पानाला जे नियम लागतात, ते आपल्याला जसेच्या तसे लागत नाहीत. दुकानाला गिऱ्हाईक हवं असतं. आपल्याला तो मुलगा किंवा ती मुलगी हवी असते, जी नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी बडोद्यात नवी आली आहे आणि शनिवारी रात्री खोलीवर बसून 'उद्या उपासनेला कुठे जाऊ' म्हणून फोनवर शोधते आहे. तिला तुम्ही सापडता का? सापडलात तर तिला उत्तर कोण देतं? व्ह्यूजच्या आकड्यामागे तुमचा खरा प्रश्न हा आहे.

आमच्याकडे झालेली गोष्ट सांगते. नवापूरहून एक मुलगी नर्सिंगसाठी इथे आली होती. गूगल मॅपवर आमच्या उपासनेची वेळ सकाळी दहाची होती. उन्हाळ्यात आम्ही साडेआठ करतो, आणि मॅपवर ते कोणीच बदललं नव्हतं. ती पावणेदहाला, हातात बायबल घेऊन, रिक्षाचे पैसे देऊन फाटकाशी उतरली. आत फक्त सतरंज्या गुंडाळणारा माणूस होता. त्याने तिला गुजरातीत सांगितलं, 'बेन, पूरू थई गयुं.' ती परत गेली आणि पुढचे चार महिने आलीच नाही. नंतर वॉर्डमधल्या एका ताईंबरोबर आली, टिकली, आज आमच्या संडे स्कूलमध्ये शिकवते. ही हकिगत तिने दोन वर्षांनी मंडळीपुढे साक्ष देताना सांगितली, तेव्हा मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. त्या वर्षी आम्ही फेसबुकवर दीडशेच्या वर पोस्ट टाकल्या होत्या, आणि मॅपवरची वेळ चुकीची होती.

आता परिस्थितीनुसार काय बदलेल तेही आधी सांगून टाकते. तुम्ही कॅथलिक असाल तर पॅरिशच्या फादरांची, कधी धर्मप्रांताचीही परवानगी लागेल, आणि त्यांच्या पानाशी तुमचं पान जोडून घ्यावं लागेल. मेथडिस्ट, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा स्वतंत्र मंडळी असाल तर पाळक आणि कमिटी ठरवतील. संघात शाळकरी मुलं जास्त असतील तर पुढचा मुलांबद्दलचा भाग आधी वाचा. आणि आठवड्याला तीन तास देणारी माणसं दोनच असतील, तर चार ठिकाणी पान ठेवण्याचा हट्ट सोडा. एक ठिकाण जिवंत ठेवा, बाकीच्यांवर फक्त पत्ता, वेळ आणि त्या एका ठिकाणाकडे जाणारी लिंक राहू द्या.

पहिलं काम मॅपचं. गूगलवर मंडळीची नोंद मोफत करता येते. पडताळणीसाठी बहुतेक वेळा ते छोटा व्हिडिओ मागतात, त्यात रस्ता, पाटी, आतली जागा दाखवावी लागते. हे काम मंडळीच्या नावाने, पाळकसाहेबांना विचारून करा. उपासनेची वेळ, भाषा, तरुण संघाची वेगळी वेळ, आणि सणांच्या खास वेळा घाला. उत्तम शुक्रवार, ईस्टर, नाताळची मध्यरात्र, ३१ डिसेंबरची रात्र या दिवशी लोक सर्वांत जास्त शोधतात, आणि नेमक्या त्याच वेळा चुकीच्या असतात. फाटकाचा फोटो टाका, चर्चच्या कळसाचा नव्हे. नव्या माणसाला रिक्षातून कळस दिसत नाही. त्याला फाटक, शेजारची टपरी आणि गाडी कुठे लावायची एवढं दिसायला हवं.

दुसरं काम उत्तर देणाऱ्या माणसाचं, आणि इथे तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ घालवा. संघातले दोन जण ठरवा, शक्यतो एक मुलगा आणि एक मुलगी. इन्स्टाग्रामचे मेसेज, फेसबुकचे मेसेज, चर्चच्या नंबरवर आलेलं व्हॉट्सॲप, सगळं या दोघांकडे. एका दिवसाच्या आत उत्तर, आणि शनिवारी संध्याकाळी तासाभरात. उत्तर छापील नको. 'आमच्या उपासनेची वेळ सकाळी ८.३० अशी आहे, प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो' हे उत्तर बरोबर आहे, पण ते भिंतीवर लावलेल्या पाटीसारखं वाटतं. आमच्या संघातली मुलगी असं लिहिते: 'साडेआठला आहे. तुम्ही कुठून येणार? फतेहगंजकडून येत असाल तर आमचा एक जण त्याच बाजूने येतो. मी फाटकाशी असेन, निळी ओढणी.' त्या निळ्या ओढणीमुळे किती जण आत आले ते मी पाहिलंय. अनोळखी मुलीला मात्र मुलीनेच उत्तर द्यायचं, आणि कोणाला कुठून आणायचं असेल तर ते संघाच्या दोन मोठ्यांना माहीत असायला हवं.

एक साधी वही ठेवा. कोणी विचारलं, कोण आलं, कोण पुन्हा आलं. महिन्याच्या शेवटी कमिटीपुढे ही वही ठेवा. व्ह्यूज चाळीस असतील, पण वहीत तीन नवी नावं असतील तर तुमचं काम व्यवस्थित चाललंय, हे कमिटीतल्या वडीलधाऱ्यांनाही लगेच कळतं.

तिसरी गोष्ट चाव्यांची. पान कोणाच्या नावावर आहे? आमचं पहिलं फेसबुक पान एका उत्साही मुलाने स्वतःच्या ईमेलवरून उघडलं होतं. तो नोकरीला परदेशी गेला, त्याचा जुना नंबर बंद झाला, ईमेल हॅक झाला, आणि आमचं सहा वर्षांचं पान त्याच्याबरोबर गेलं. मुलगा चांगला होता. पान उघडण्याची रीत चुकीची होती, आणि ती मी त्याच्याकडून वेळीच बदलून घ्यायला हवी होती. तेव्हा मंडळीच्या नावाचा एक ईमेल काढा. पासवर्ड परत मिळवण्यासाठी चर्च ऑफिसचा नंबर द्या. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, तिचे बॅकअप कोड कागदावर लिहून पाळकसाहेबांच्या कपाटात ठेवा. प्रत्येक पानाला निदान दोन ॲडमिन. संघाचा सेक्रेटरी बदलला की ॲडमिनही बदलायचे, आणि त्याची नोंद इतिवृत्तात करायची.

आता कॅमेऱ्याकडे येते. २०२० च्या ईस्टरला, १२ एप्रिलला, सगळ्या मंडळ्या लॉकडाउनमध्ये घरात होत्या, तेव्हा आम्हीही फोन उभा करून लाइव्ह केलं. लोकांनी नंतर जे सांगितलं ते माझ्या अजून लक्षात आहे. चित्र अंधारं होतं, त्याबद्दल एकानेही तक्रार केली नाही. 'आवाज येत नव्हता' हे मात्र सगळ्यांनी सांगितलं. बडोद्याच्या उन्हाळ्यात सगळे पंखे पाचवर असतात. मागच्या बाकावर ठेवलेल्या फोनला पंखा आणि तबला ऐकू जातो, संदेश जात नाही. लोक धूसर चित्र अर्धा तास पाहतात, खराब आवाज अर्धा मिनिटही ऐकत नाहीत.

म्हणून पंधरा हजारांतून आधी हजारभर रुपयांचा कॉलरला लावायचा वायरवाला माईक घ्या, आणि तेवढ्याचाच एक स्टँड. गाण्यासाठी, चर्चमध्ये मिक्सर असेल तर त्यातून सरळ फोनमध्ये वायर न्या. इथे एक बारीक गोष्ट आहे, ज्यात आमचे दोन रविवार गेले. फोनमध्ये जाणाऱ्या पिनेवर तीन काळ्या रेघा असाव्या लागतात. दोन रेघांची पिन हेडफोनची; ती लावली तर फोन माईक ओळखतच नाही आणि स्वतःच्याच माईकने पंख्याचा आवाज घेत राहतो. टाइप-सी फोनला त्यासाठी वेगळा जोड लागतो. शनिवारी संध्याकाळी, पंखे चालू ठेवूनच, दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि कानाला लावून ऐका. यूट्यूबवर मोबाइलवरून लाइव्ह करायचं तर चॅनेलला ५० सबस्क्रायबर लागतात, आणि लाइव्ह पहिल्यांदा चालू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागतं. हे नाताळच्या आदल्या रात्री कळू नये.

पण पूर्ण उपासना दर रविवारी लाइव्ह करायची का? आजारी, म्हातारी, बाहेरगावी गेलेली माणसं असतील तर जरूर करा, त्यांच्यासाठी करा. त्या व्हिडिओला पंधरा व्ह्यूज आले तर ते पंधरा जण कोण आहेत ते तुम्हाला माहीत असेल. तरुण संघाची ओळख मात्र त्यातून होत नाही. ती होते छोट्या, खऱ्या गोष्टींतून. आमचा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ पन्नास सेकंदांचा आहे. संघातल्या एका मुलाने आपल्या आजीला विचारलं, 'आजी, तुमच्या लहानपणी नाताळ कसा असायचा?' आजोबा प्रतापनगरला रेल्वेत होते. आजी करंज्या वळत होत्या, हात थांबवला नाही, वरही पाहिलं नाही. म्हणाल्या, 'क्वार्टरमधल्या सगळ्यांना ताटं जायची. आम्ही दोनच घरं ख्रिस्ती, पण ताटं चाळीस.' तेवढंच. नातवाने कडेला खिडकीचा उजेड घेतला होता आणि माईक आजीच्या पदराला लावला होता. ना संगीत, ना अक्षरं उडवणं. तो व्हिडिओ नवापूर, जालना, अहिल्यानगरच्या नातेवाइकांच्या ग्रुपांत फिरला, आणि ज्या मराठी ख्रिस्ती घरांशी आमचा बडोद्यात संबंधच नव्हता अशी दोन घरं आम्हाला त्यातून सापडली.

असं तुमच्याकडेही भरपूर आहे. कॅरल राऊंडची, म्हणजे नाताळची गाणी गात घरोघर फिरण्याची तयारी, हंगामाच्या सणाला अर्पणात आलेली भाजी आणि तिची बोली, रक्तदान शिबिर, परीक्षेच्या आधी सगळ्यांनी एकत्र केलेली प्रार्थना, संघाची सभा संपल्यावर सेव-उसळ खायला गेलेली मंडळी. नवा मुलगा प्रवचन ऐकून ठरवत नाही. 'या लोकांत मला बसता येईल का' हे तो बघतो. आठवड्याला एक असा तुकडा आणि शनिवारी संध्याकाळी एक साधी सूचना, उद्या किती वाजता, कुठे, विषय काय. एवढं वर्षभर न चुकता झालं तर खूप झालं. सुरुवातीला रोज पोस्ट आणि तिसऱ्या महिन्यापासून शांतता, हे मी पंधरा ठिकाणी पाहिलंय. शेवटची पोस्ट गेल्या नाताळची असेल तर शोधणाऱ्याला वाटतं की संघ बंद पडला.

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बडोद्यात हा मोठा प्रश्न आहे. आमच्याकडे यावरून वाद झाले. वडीलधाऱ्यांना शुद्ध मराठी हवी, मुलांना हिंदी. मी मधली वाट अशी काढली: बोलणाऱ्याने ज्या भाषेत तो विचार करतो त्या भाषेत बोलावं, खाली अक्षरं मराठीत यावीत, आणि वर्णनात एक वाक्य गुजरातीत. मराठी काढू नका. बडोद्यात मराठीत उपासना कुठे मिळते हे शोधणारा माणूस मराठीतच शोधतो, आणि त्याला उत्तर देणारे फार थोडे आहेत. वचन टाकाल तेव्हा कोणत्या भाषांतरातलं ते लिहा, कारण बायबल सोसायटीच्या आताच्या भाषांतरांचे हक्क राखीव आहेत.

गाण्यांचंही तेच. तुमचा एक व्हिडिओ म्यूट झाला असं तुम्ही लिहिलंय. कारण बहुधा मागे लावलेला तयार ट्रॅक. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या शब्दांवरचा हक्क संपतो. रेव्ह. ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची भजनं तुम्ही मोकळेपणाने गाऊन टाकू शकता. पण आज एखाद्या कंपनीने त्याच भजनाचं केलेलं ध्वनिमुद्रण तिचं असतं, त्याला वेगळी ६० वर्षं लागतात. तेव्हा स्वतः गा, पेटी-तबला स्वतः वाजवा. आपल्या मुलांनी थोडं बेसूर गायलेलं भजन मला कुठल्याही ट्रॅकपेक्षा जवळचं वाटतं. आणि स्वतः गाऊनही चुकून कॉपीराइटचा दावा आला तर घाबरू नका. स्वतःचं गायन असल्याचं सांगून हरकत नोंदवता येते.

आता मुलांचा भाग, आणि यावर मी जराही सूट देत नाही. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती मागतो. तुमचा संघ लहान आहे, तरी हाच दंडक ठेवा. वर्षाच्या सुरुवातीला एक पानी मराठी-गुजराती फॉर्म, आई किंवा वडिलांची सही, 'फोटो चालेल / चालणार नाही' अशा दोन चौकटी. 'नाही' म्हणणाऱ्या घराला कारण विचारायचं नाही. मुलाचं पूर्ण नाव, शाळेचं नाव, गणवेश फोटोत नको. शिबिराचे फोटो शिबिराहून परत आल्यावर टाका, तिथे असताना नाही. मोठ्या पुढाऱ्याने लहान मुलाशी एकट्याने इनबॉक्समध्ये बोलायचं नाही, ग्रुपवर बोलायचं. आमच्या पानावरून एकदा एका मुलीचा फोटो उचलून कोणीतरी खोटं खातं उघडलं. तिच्या आईने रात्री अकराला मला फोन केला. त्या दिवसापासून आमच्याकडे मुलींचे एकटीचे फोटो नाहीत, समूहाचेच आहेत.

व्हॉट्सॲपवरही हाच विचार करा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. बाहेरच्यांसाठी चॅनेल काढा, त्यात फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. ग्रुप फक्त ओळखीच्या सभासदांचा.

एक गोष्ट आपल्या राज्यात राहून टाळता येत नाही. गुजरातचा धर्मस्वातंत्र्य कायदा २००३ चा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने आमिषाच्या व्याख्येत चांगल्या जीवनमानाचा आणि दैवी आशीर्वादाचाही उल्लेख आला. आपल्या मनात कोणाला फसवण्याचं नसतं, पण 'या, तुमचे सगळे प्रश्न सुटतील', 'या, बरे व्हाल', किंवा वह्या-पुस्तकं वाटतानाचे गरीब मुलांचे फोटो, हे संदर्भाशिवाय उचललं की भलतंच दिसतं. माझं मत तर असं की कायदा नसता तरी मदत घेणाऱ्याचा चेहरा दाखवू नये, कारण उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असंच आपल्याला शिकवलंय. आपण कोण आहोत ते सरळ लिहा, ख्रिस्ती तरुण संघ, अमुक मंडळी, लपवू नका. दुसऱ्या धर्माबद्दल एक शब्दही वाईट लिहू नका. टिपणीत कोणी शिव्या दिल्या तर वाद घालू नका. स्क्रीनशॉट ठेवा, टिपणी लपवा, आणि धमकी असेल तर पाळकसाहेबांना घेऊन पोलिसांकडे जा. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार होते. शंका असलेला मजकूर टाकण्याआधी मंडळीतल्या वकिलाला दाखवा.

तुम्ही यूट्यूबखाली अर्पणासाठी क्यूआर कोड टाकलाय, आणि तो खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा आहे. तो आज काढा. खजिनदार कितीही प्रामाणिक असला तरी. पैसे मंडळीच्या खात्यात यावेत आणि पावती मिळावी. शिवाय ऑनलाइन व्हिडिओ परदेशातही दिसतो. परकीय देणगी घ्यायला २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० पासून ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी घ्यावी लागते. तुमच्या संघाला यातलं काही करायचं नाहीये, म्हणून व्हिडिओखाली पैशाचा उल्लेखच नको.

वेबसाइट काढून टाकू नका, पण तिच्यावर आणखी खर्चही करू नका. एक पान पुरे: फाटकाचा फोटो, वेळ, भाषा, त्या दोघांचा संघाचा नंबर. बाकीच्या पैशांतून मी काय करेन ते सांगते. दर महिन्याला पाचशे रुपये बाजूला ठेवेन, नव्या आलेल्या मुलामुलींना सभेनंतर सेव-उसळ खायला घालायला. हे मी कमिटीपुढे 'ऑनलाइन खर्च' म्हणूनच मांडलं होतं, आणि वही दाखवल्यावर ते मंजूर झालं.

येत्या शनिवारी एवढंच करा. संघाबाहेरच्या एखाद्या मित्राला सांगा की तुमची मंडळी फक्त फोनवरून शोधून काढ आणि उद्या उपासनेला यायचं आहे असं समजून मेसेज कर. तुम्ही शेजारी बसा, पण मदत करू नका. तो कुठे अडखळतो, कोणता नंबर लागत नाही, उत्तर किती वेळाने येतं, ते लिहून घ्या आणि मला कळवा. त्यावरून पुढचं सांगते.